त्या अर्ध्या मिलीसाठी, सिस्टर

सिस्टर,

डिस्चार्जच्या दिवशी पेढे डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातात. रात्रपाळीची सिस्टर तेव्हा घरी झोपलेली असते. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, म्हणजे ठाण्यातल्या इतर आईबापांनाही वाचता येईल.

आमचं बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं, त्या आधीच्या ठिकाणाचं नाव घेत नाही. पण तिथे काय केलं गेलं नाही, ते लिहिल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळणार नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईनं जमलं तर पहिल्या तासात, नाहीतर पहिल्या सहा तासांत दूध काढायला सुरुवात करायची असते. पुढे चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, त्यातलं एकदा तरी मध्यरात्रीनंतर, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. छाती रिकामी झाली नाही की शरीर समजतं, गरज नाही, आणि दूध आटतं. तिथे उत्तर मिळालं, "बाळ तोंडानं घेतच नाहीये, काढून करणार काय?" आणि हातात पावडरच्या डब्याची चिठ्ठी. वर बाळ इकडे हलवताना साधी ॲम्ब्युलन्स, अंगाभोवती टॉवेल, एसी चालू आणि समोर घोडबंदर रोडचा ट्रॅफिक. अशा बाळाच्या अंगावर चरबीच नसते. तापमान ३६.५ अंशांखाली गेलं की ऊब टिकवायला ते साखर आणि ऑक्सिजन जाळतं. साखर उतरते, श्वास आणखी जड होतो. ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटर नसेल आणि बाळ स्थिर असेल, तर टोपी, कोरडं कापड आणि मोठ्या माणसाची उघडी छाती, एवढ्यानंही खूप भागतं. याला पैसे पडत नाहीत, फक्त सुचावं लागतं.

तुमच्याकडे आल्यावर पंपाच्या बाटलीत निघाला तो तळाला चिकटलेला एक पिवळा ओघळ. तुम्ही पंप सरळ बाजूला ठेवलात. सुरुवातीचे दोन-तीन दिवस चीक घट्ट असतो, थेंबाथेंबानं येतो आणि पंपाच्या फनेललाच लागून वाया जातो, तेव्हा तो हातानं काढायचा. अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या जरा मागे, आधी छातीकडे दाब, मग बोटं एकमेकांकडे, कातडीवरून घासायचं नाही. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत जे जमलं ते तुम्ही १ मिलीच्या सिरिंजमध्ये थेंब न् थेंब ओढून घेतलंत. अर्धा मिली. मग त्या एवढ्याशा सिरिंजला पट्टी चिकटवून त्यावर आईचं नाव, तारीख, वेळ लिहिलीत, रक्ताच्या पिशवीवर लिहितात तशी. "०.१ मिली या गालात, ०.१ त्या गालात, दर तीन तासांनी. दोन वेळचं झालं की!"

"एवढंच?" हा शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही. तो ज्यांच्या तोंडून निघतो त्यांना ठाऊक नसावं, की बाईला ताण आला की दूध उतरणं तिथल्या तिथे अडतं. पोटात अजून काही जात नसतानाही चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं गालाच्या आतल्या अस्तराला मिळतात. आणि पुढे फीड सुरू झाल्यावर आतडी सुजण्याचा जो धोका या बाळांना असतो, तो आईच्या दुधानं कमी होतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं १९८९ साली आशियातली पहिली आईच्या दुधाची बँक सुरू झाली. ठाण्याहून शीव लोकलनं कितीसं लांब? तरी इथल्या एखाद्या नर्सिंग होमपर्यंत ती गोष्ट अजून पोचू नये, याला काय म्हणायचं.

अलार्मचंही तुम्हीच शिकवलंत. सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पडला की आधी पडद्यावरची लाट बघायची. ती वेडीवाकडी असेल किंवा नाडीचा आकडा ईसीजीच्या ठोक्यांशी जुळत नसेल, तर बहुतेक पायाला लावलेला प्रोब, म्हणजे तो आकडा मोजणारी पट्टी, सरकलाय किंवा पाय गार पडलाय. लाट चांगली असेल, तर नजर ओठांवर आणि छातीवर. श्वास थांबलेला दिसला तर सिस्टरला हाक, आणि तळपायाला हलकं बोट. हे कळल्यावर यंत्राची भीती अर्धी कमी होते.

कांगारू केअरसाठी, म्हणजे आईबापांच्या उघड्या छातीवर ठेवताना, बाळ फक्त डायपर, टोपी, मोज्यांत; पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासनळी मुडपत नाही. एका बैठकीला किमान तासभर, कारण उचलण्या-ठेवण्यातच बाळ दमतं. बाबांनाही बसवलंत. "केस आहेत छातीवर, चालेल का?" या प्रश्नाला तुम्ही न हसता "चालेल" म्हणालात, हेही नोंदवून ठेवतो.

आजीशी तुमचं वागणं तर बघण्यासारखं होतं. "सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आजी, पोटात जितके दिवस जास्त तितकं बरंच," एवढं म्हणून तुम्ही त्यांनी आणलेलं बोंडलं उकळायला घेतलंत. चोखणं, गिळणं, श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो, तोवर बाटलीची घाई नको; दुधाच्या नळीनंतर बोंडलं बरं. फक्त आजींच्या पद्धतीनं, आडवं धरून घशात ओतायचं नाही. डोकं उंच, टोक ओठाच्या कोपऱ्याशी, बाळ जिभेनं ओढेल तेवढंच. आजींनी चूपचाप पद्धत बदलली. मान राखून शिकवलं की माणूस ऐकतो. दरवाजावर ओरडणाऱ्या वॉचमनपासून बिलिंग काउंटरपर्यंत हे कुणी कुणाला शिकवत का नाही, कोण जाणे.

डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी तुम्ही लाल पेनानं अधोरेखित केलीत. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, आणि फारच लहान असेल तर त्याआधी. बाळ घरी आलं, वजन वाढतंय, म्हणून ती पुढे ढकलली जाते, आणि पडदा सुटल्यावर फारसं काही करता येत नाही.

या पत्राची एक प्रत मेट्रन मॅडमना दिली आहे. व्हेंटिलेटरवरच्या बाळाबरोबर आणखी तीन बाळं एकाच सिस्टरकडे देऊ नका, रात्रपाळीला माणूस वाढवा, असं त्यात खाली वेगळं लिहिलं आहे.

आपले,
खिडकीजवळच्या वॉर्मरवरच्या बाळाचे आई-बाबा