बेळगावची आठवण बेळगावच्याच भट्टीत ओतावी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

नोकरीनिमित्त युरोपात गेलेली आपल्याकडची मुले सुटीवर येताना कधीकधी प्यूटर या कथलाच्या मिश्रधातूची शोभेची थाळी आणतात. जर्मन भाषक प्रदेशांत अशा थाळ्या भिंतीवर टांगण्याची जुनी चाल असून, त्यांवर गावाची वेस, चर्च किंवा नगराचे मानचिन्ह उठावात ओतलेले असते. आपल्या सत्कार समारंभांत मात्र पाहुण्यांच्या हाती बहुधा सोनेरी मुलाम्याचे प्लास्टिक ठेवले जाते आणि त्यावरील नावाची पट्टी काढली, तर ते बेळगावचे की आणखी कुठले, हे ओळखता येत नाही. (त्यापेक्षा आपली कुंदा ही मिठाई बरी, पण ती दोन दिवसांत संपते.) त्याऐवजी बेळगावची ओळख सांगणारी प्यूटरची थाळी येथेच ओतून पाहुण्यांना द्यावी, अशी माझी सूचना आहे.

प्यूटर म्हणजे मुख्यत्वे कथील, ज्यात थोडे अँटिमनी आणि तांबे मिसळून कठीणपणा आणतात. कल्हईवाले तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून देतात, तेच हे कथील. ते २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर बिडाच्या ओतकामाला बाराशे अंशांच्या आसपासची भट्टी लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्यांमध्ये (ओतकामाच्या कारखान्यांत) हे जड काम नेहमीचे आहे. तेथील पॅटर्न करणाऱ्यांना आणि साचे भरणाऱ्यांना ही थाळी अवघड जाऊ नये. बिदरी काम जस्ताचे, चांदीच्या जडावाचे आणि मान बिदरचा. त्याची नक्कल येथे नको.

थाळीवर काय असावे, याबद्दल मतभेद होतील. बेळगाव जिल्ह्यातील हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर आहे, १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेले काँग्रेस अधिवेशन आहे. तरीही माझा कौल किल्ल्यातील कमल बसदीला आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधलेल्या या जैन मंदिराच्या मंडपाच्या छतात दगडी कमळ कोरलेले आहे. ते मुळातच वर्तुळाकार असल्याने थाळीत ओढूनताणून बसवावे लागणार नाही.

मागील बाजूस स्थळ आणि काळ मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहावा. त्याच राजाच्या काळातील, शके ११२७ चे बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ते प्रामुख्याने कन्नडात आहेत. तेव्हा निदान या थाळीवरून सीमाभागातील नेहमीचा वाद उकरून काढण्याचे कारण नाही.

जुन्या प्यूटरमध्ये शिसे मिसळत असत. म्हणून नवी थाळी शिसेविरहितच हवी आणि तसा उल्लेख तिच्यावर असावा. ती शोभेपुरतीच ठेवावी. धातू मऊ असल्याने चकाकीसाठी घासू नये, शेगडीजवळ तर मुळीच नको.

साच्याचा खर्च एकट्या संस्थेला जड वाटेल. वाचनालये, शिक्षण संस्था आणि सहकारी पतसंस्था यांनी पुढील वर्षाच्या कार्यक्रमांसाठी एकत्रित मागणी नोंदवल्यास तो वाटून जाईल.

आपला,
एक वाचक
टिळकवाडी, बेळगाव