मनू, रीडिंगच्या पेपरबद्दल थोडं

मनू बेटा,

तुझ्या मॉकच्या, म्हणजे सरावाच्या टेस्टच्या, आन्सरशीटचे फोटो काल रात्री झूम करकरून बघितले, आई म्हणत होती झोपा आता, पण मला चैन पडेना. तू फोनवर म्हणाली की बाबा आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जायच्या त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, रीडिंगला टाइमच पुरत नाही, तिसरा पॅसेज अर्धा तसाच राहून जातो. हे काही मला पटलं नाही बाप्पा. 60 मिनिटं, 3 पॅसेज, 40 प्रश्न, तिन्ही पॅसेज मिळून अडीच हजाराच्या आसपास शब्द, एवढं तर तू चहा पितापिता वाचून टाकशील. वाचायला वेळ लागत नाहीये तुला, वेळ जातोय जे उताऱ्यात नाहीच ते शोधण्यात.

बघ ना, सगळ्यात जास्त लाल गोळे कुठं आहेत, तर ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनमधे, म्हणजे विधान उताऱ्याप्रमाणे खरं, खोटं की त्यात दिलेलंच नाही ते सांगायचं तिथं. अन तिथं नॉट गिव्हन तू जवळपास लिहिलंच नाहीस. काहून? कारण तुला बाहेरचं लय माहीत असते.

संत्र्यावरच उतारा आला असं समज. त्यात लिहिलंय की नागपुरी संत्र्याला 2014 साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचा सरकारी शिक्का, मिळालं, झाडाला आंबिया अन मृग असे दोन बहार येतात, बहुतेक बागवाले त्यातला एकच धरतात, थोडे जण दोन्ही धरतात. आता खाली विधानं. पहिलं, सगळे बागवाले एकच बहार धरतात. हे फॉल्स, कारण थोडे दोन्ही धरतात हे वाक्य समोर छापलेलं आहे. दुसरं, मृगाचं फळ जास्त गोड असते. इथं तू डोळे मिटून ट्रू लिहून मोकळी होशील, काटोलला मामाच्या बागेत मार्चमधे जाऊन खाल्लेली आहेत ना तू, तुला कोण सांगणार! पण उताऱ्यात गोडीबद्दल एक अक्षर नाही, म्हणून नॉट गिव्हन. तिसरं, जीआयमुळे भाव वाढला. कळमन्याच्या बाजारात काय भाव चालू आहे ते मला माहीत असो नाहीतर तुला, उतारा त्यावर गप्प आहे, म्हणजे तेही नॉट गिव्हन.

आमच्या कोर्टात रोज हेच चालते. वकील साहेब तावातावाने सांगतात, साहेब हे तर अख्ख्या गावाला ठाऊक आहे, अन जज साहेब मान वर न करता विचारतात रेकॉर्डवर कुठं आहे, पान नंबर सांगा. इतकी वर्षं मी समोर बसून जबान्या टाइप केल्या, गावाला ठाऊक असलेल्या किती गोष्टी निकालात आल्याच नाहीत. तू पण प्रत्येक उत्तराला पान नंबर मागत जा. फॉल्स लिहायचं असेल तर उलटं सांगणारी ओळ बोटाखाली पाहिजे. बोट ठेवायला जागाच नसेल तर नॉट गिव्हन लिही अन पुढं हो.

पुढं हो हे महत्त्वाचं, कारण तुझा टाइम इथंच जातो. या प्रकारात प्रश्न उताऱ्याच्या क्रमानेच येतात, म्हणजे पाचव्याचं उत्तर दुसऱ्या पॅराच्या शेवटी सापडलं, सातव्याचं तिसऱ्याच्या सुरुवातीला, तर सहावा त्या मधल्या दोनचार ओळीतच असणार, तिथं नाही दिसला तर तो नाहीच, अख्खा पॅसेज परत वरून खाली चाळत बसायचं नाही. हेडिंग जुळवायच्या प्रश्नात मात्र हा क्रम धरू नको, तिथं प्रत्येक पॅरा आपला आपला बघावा लागतो.

ही सवय तुला बारावीत लागली असावी. तिथं अॅक्टिव्हिटी शीटमधे पर्सनल रिस्पॉन्स म्हणून प्रश्नच असायचा, तुझं मत लिही, अन तू दोन मार्काला पानभर लिहायची, मॅडम खूष व्हायच्या. इथं तुझं मत कोणी विचारत नाही. रायटिंगमधे विचारतील, तिथं काढ सगळी भडास.

क्लासचे सर म्हणतात कीवर्ड शोधा अन उत्तर टाका, हे मला अर्धंच पटते. कीवर्डने जागा सापडते, उत्तर नाही. पेपर काढणारे पण हुशार असतात, प्रश्नातला शब्द जशाच्या तसा चुकीच्या ओळीत ठेवून देतात अन खरी गोष्ट वेगळ्या शब्दात सांगतात, म्हणून शब्द दिसला की ते पूर्ण वाक्य अन मागचं पुढचं एक एक वाक्य वाचत जा.

अजून एक, रिकाम्या जागेत दोनच शब्द लिहा असं सांगितलं असताना तू पुढं the लावून तीन केलेस, उत्तर बरोबर असून मार्क शून्य. स्पेलिंगचंही तसंच. निगेटिव्ह मार्किंग नाही तर कोरं कशाला सोडतेस, काहीतरी लिहून ये. अन पेपरवाली टेस्ट घेतलीस तर रीडिंगला उत्तरं उतरवायला वेगळा टाइम देत नाहीत हे लक्षात ठेव, सरळ आन्सरशीटवरच लिही.

तुझ्या अकॅडमिकवाल्या टेस्टला साधारण 30 बरोबर आले की 7 बँड, म्हणजे 7 ची श्रेणी, मिळतो, तू फार लांब नाहीस. रविवारचा मॉक झाला की परत फोटो पाठव, पण या वेळी प्रत्येक उत्तराच्या बाजूला पॅरा अन ओळीचा नंबर लिहून, मी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बघतो. तुझा पासपोर्ट इथंच आईच्या कपाटात आहे, टेस्टच्या दिवशी ओरिजिनलच लागतो, झेरॉक्स चालत नाही, तर कुरिअर करू का पुढच्या आठवड्यात काका पुण्याला येऊन राहिले त्यांच्याजवळ देऊ ते आजच कळव.

बाबा