पिस्तूल बदलायला लावणारे वाचकाचे पत्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाट्यमंडळ्यांची लगबग वाढते. यंदा कुणी नाटकात गुप्तहेर आणणार असेल, तर काळा गॉगल, लांब कोट आणि टिकलीचे पिस्तूल एवढ्यावर भागवू नये, यासाठी हे पत्र.

जेम्स बाँड पहिल्यांदा छापून आला १९५३ साली. त्याचे जनक इयान फ्लेमिंग १९६४ मध्येच वारले. तरी २०२१ पर्यंत मुख्य चित्रपटमालिकेत २५ चित्रपट झाले, सहा नट बदलले आणि गिऱ्हाईक काही तुटले नाही. आपल्याकडे रहस्यकथांचे नायक, अर्नाळकरांचा झुंजार आणि गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, मात्र आता जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांतच भेटतात. बाँडच्या यशाचे श्रेय लोक मोटारींना आणि मदनिकांना देतात. आम्हाला ते पटत नाही. मोटारी आणि मदनिका तर त्याच्या नकला करणाऱ्यांकडेही होत्या.

फ्लेमिंगची खरी करामत तपशिलात आहे. कथानक निव्वळ फोकनाड, पण त्यातली वस्तू अन् वस्तू नेमकी. बाँडच्या न्याहारीचे अंडे ३ मिनिटे २० सेकंद उकडलेले लागते. तीनही नाही, साडेतीनही नाही. अंड्यावर विश्वास बसला की खलनायकाचा जग बुडवायचा बेतही वाचक मुकाट्याने गिळतो.

हे किती मनावर घेतले जाई, याचा उत्तम दाखला १९५६ चा आहे. जेफ्री बूथ्रॉइड नावाच्या शस्त्रतज्ज्ञ वाचकाने फ्लेमिंगना कळवले, की बाँडचे .२५ चे बेरेटा पिस्तूल कुचकामी आहे. गोळी जेमतेम ६.३५ मिमीची, समोरचा माणूस थांबायचा नाही. त्यांनी आत दडलेल्या घोड्याचे (गोळीवर आघात करणाऱ्या हातोडीचे) रिव्हॉल्व्हर सुचवले. घोडा बाहेर नसला की कपड्यात अडकत नाही. फ्लेमिंगनी १९५८ च्या कादंबरीत बेरेटा काढूनच घेतले. मागच्या मोहिमेत सायलेन्सर (आवाज दाबणारी नळी) अडकून ते वेळेवर निघाले नव्हते, हे वरिष्ठांनी दिलेले कारण. हाती आले ७.६५ मिमीचे वॉल्थर पीपीके, आणि त्याची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव ठेवले मेजर बूथ्रॉइड! फ्लेमिंग घसरले ते होल्स्टरपाशी, म्हणजे शस्त्र अडकवायच्या म्यानापाशी. बूथ्रॉइडनी रिव्हॉल्व्हरसाठी सांगितलेले होल्स्टर त्यांनी चपट्या पिस्तुलाला लावून दिले. जाणकारांनी ती चूकही सोडली नाही.

नायकाच्या नावाचेही तसेच. ते वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवरील पुस्तकाच्या लेखकाचे आहे. फ्लेमिंगना साधे, रुक्ष नाव हवे होते. (नवेगाव-नागझिऱ्याच्या पक्षिमित्रांनी हे ध्यानात ठेवावे.) आमच्या लेखकांचा गुप्तहेर रणधीर नाहीतर विक्रांत असल्याशिवाय पडदाच उघडत नाही.

आता रंगमंचाचे. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावू नका. गोळ्या भरायची चक्री आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू सुटतो, आवाज तिथूनच निघतो. आवाज दाबायचा असेल तर नायकाच्या हाती मॅगझिनचे, म्हणजे मुठीत गोळ्यांची डबी बसवायचे, पिस्तूल द्या. मग गोळ्या मोजा: ७.६५ च्या पीपीकेच्या मॅगझिनमध्ये ७ आणि नळीत आधीच भरलेली १, म्हणजे ८. नवव्या बारापूर्वी मॅगझिन बदलताना दिसले पाहिजे. त्या दोन-तीन सेकंदांत खलनायकाला पळवता येते, म्हणजे प्रवेशही रंगतो.

गावचे तपशील तर शस्त्रांहून महत्त्वाचे. आलापल्लीहून निघालेला नायक कोणत्या एस.टी.ने चंद्रपूरला किती वाजता उतरतो, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ असते. तिथे चुकलात तर पुढचा सगळा खेळ हशात जातो.

लिहायला वेळ नाही, ही सबब चालू नये. फ्लेमिंग जमैकात सकाळी सुमारे तीन तास आणि संध्याकाळी एक तास बसत. रोजचे २,००० शब्द, मागे वळून खाडाखोड नाही. सहा आठवड्यांत कच्चा खर्डा तयार. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालत असले, तरी त्याला एवढे शब्द लागणार नाहीत. पहिला खर्डा झाला की तो एखाद्या निवृत्त फौजदाराला आणि एखाद्या एस.टी. कंडक्टरला वाचायला द्यावा, आणि त्यांनी खुणा केलेली पाने तालमीआधी दुरुस्त करावीत.

आपले,
रहस्यकथांचे काही वाचक,
जि. गडचिरोली