कमिशन दिसलं, गॅस्केट नाही दिसलं

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत बडोद्याच्या उद्योगांवर पानभर लेख होता. चांगला होता, सयाजीरावांचं कलाभवन आलं, अलेम्बिक आलं, कोयलीची रिफायनरी आली, पण मधेच लेखकाने एका ओळीत परदेशी कंपन्यांच्या एजंटांना कमिशनखाऊ दलाल म्हणून निकालात काढलं आणि पुढे गेला. आमचे बाबा ३० वर्षं रावपुऱ्यातल्या अशाच एका पेढीत होते, त्यामुळे ती ओळ जरा लागली. रागाने नाही लिहीत, पण लिहितो.

आज एल अँड टी, म्हणजे लार्सन अँड टुब्रो, म्हटलं की लोकांना पूल, मेट्रो, धरणं आठवतात. सुरुवात कशी होती? हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो, दोघं डेन्मार्कचे इंजिनियर, एफ. एल. स्मिथ या सिमेंट मशिनरीवाल्या कंपनीच्या कामासाठी इकडे आलेले, टुब्रो १९३४ मध्ये कोइमतूरजवळच्या मदुक्करईच्या कारखान्यासाठी आणि लार्सन १९३७ मध्ये. १९३८ मध्ये नोकरी सोडून मुंबईत भागीदारी काढली, ऑफिस एवढंसं की एका वेळी एकच भागीदार बसू शकायचा. आणि धंदा कसला, तर डेन्मार्कच्या डेअरी मशिनरीची एजन्सी! म्हणजे तुमच्या लेखकाच्या हिशोबाने दलालीच.

मग १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतलं आणि माल यायचाच बंद झाला. एजंटाकडे माल नाही म्हणजे दुकानच उठलं, पण यांनी छोटं वर्कशॉप टाकून इथंच बनवायला आणि बोटी दुरुस्त करायला सुरुवात केली. एजन्सी सोडली नाहीच, वनस्पती तूप, बिस्किटं, साबण, काच बनवायच्या मशिनरीच्या ब्रिटिश कंपन्यांच्या एजन्स्याही घेतल्या, १९४५ मध्ये माती खणायची अवजड यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकेच्या कॅटरपिलरशी करार झाला. युद्धातली उरलेली कॅटरपिलरची यंत्रं स्वस्तात मिळत होती पण दोघांच्या खिशात तेवढे पैसे कुठले, म्हणून भांडवल उभं करायला ७ फेब्रुवारी १९४६ ला कंपनी रजिस्टर केली. देश स्वतंत्र व्हायला अजून दीड वर्ष होतं बघा.

आणि आपल्या बडोद्याच्या माणसाला तर हे सांगायलाच नको, आणंद इथून तासाभरावर. अमूलवाले वर्गीस कुरियन १९४९ मध्ये तिथं आले तेव्हा खेडा जिल्हा दूध संघाचं (म्हणजे आजच्या अमूलचं) दूध जुनाट मशिनवर चाललेलं, रोज काहीतरी मोडायचं, त्यांनी संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेलांना सांगितलं की हे भंगार टाका आणि प्लेट पाश्चरायझर, म्हणजे पातळ प्लेटांमधून दूध तापवून जंतू मारणारं मशिन, घ्या, तो एल अँड टीकडूनच घेतला, ४० हजारांचा. तेव्हाचे ४० हजार! पुढे म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं बाहेरचे तज्ज्ञ सांगत होते, संघाचेच डेअरी इंजिनियर एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, मग त्या कामाचं मशिनही डेन्मार्कचंच आलं, नायरो कंपनीचं, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला नेहरूंनी डेअरीचं उद्घाटन केलं. मधे कोणी एजंट नसता तर हे मशिन कोणाला विचारून आणलं असतं? डेन्मार्कला काय पोस्टकार्ड टाकायचं होतं?

आता बाबांचं सांगतो. पेढी छोटी, पंप आणि डेअरीचा थोडा माल, दोन युरोपियन कंपन्यांची एजन्सी. गिऱ्हाईक आलं की इंडेंट (परदेशी मालाची मागणी) भरायचं, कंपनीकडून प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (आगाऊ कच्चं बिल) मागवायचं, मग इम्पोर्ट लायसन्ससाठी त्याच्याबरोबर अर्ज करत बसायचं, दर वर्षी सरकारच्या आयात पॉलिसीचं लाल पुस्तक यायचं ते बाबांना आमच्या शाळेच्या पुस्तकांपेक्षा जास्त पाठ. लायसन्स मिळालं की बँकेत एल.सी. (पैसे देण्याची बँकेची हमी), मग बोट, मग मुंबईच्या गोदीत खोका पडून राहिला की डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. तारेला शब्दामागे पैसे पडायचे म्हणून तीन शब्दांत अख्खी तक्रार बसवायचे. खोक्याच्या फळ्या फुकट घरी यायच्या, आमच्या स्वयंपाकघरातली मांडणी त्याचीच, तिच्यावर काळ्या शाईत उलटं "बॉम्बे" अजून वाचता येतं, आई त्यावर हळदीचा डबा ठेवायची.

पण खरी परीक्षा मशिन विकल्यावर असायची. प्लेटांच्या मधे रबराचं गॅस्केट असतं, ते कडक झालं की दूध गळतं, आणि दूध लायसन्सची वाट बघत थांबत नाही. बाबांकडे एक वही होती, कुठल्या गिऱ्हाइकाकडे कुठल्या नंबरची प्लेट, गॅस्केट कधी बदललं, सगळं. रात्री अकराला फोन शेजारच्या काकांकडे यायचा (आमच्याकडे फोन नव्हता) आणि बाबा पिशवीत दोन गॅस्केट टाकून पहाटेच्या लोकलने निघायचे. ही वही म्हणजेच पेढी होती असं मला आता वाटतं. कमिशन पाच टक्के, त्यातलं बाबांच्या पगारात किती आलं असेल ते तुम्हीच बघा, आम्ही दांडिया बाजारात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो.

सगळे साधुसंत होते असं मी म्हणत नाही. लायसन्स विकणारे होते, बिल फुगवून फरक बाहेर ठेवणारे होते, बाबाच नावं न घेता सांगायचे. त्या लोकांवर लिहा की बेलाशक, फक्त सगळ्यांना एका पोत्यात घालू नका.

आणि शेवट कसा झाला तेही ऐका. १९९१ नंतर दारं उघडली तशी पेढीच्या मोठ्या प्रिन्सिपलने (म्हणजे जिची एजन्सी होती त्या परदेशी कंपनीने) मुंबईत स्वतःचं ऑफिस थाटलं, आधी गिऱ्हाइकांची यादी "अपडेट करायला" मागून घेतली, नंतर एका पानाचं पत्र, तीन महिन्यांची नोटीस, आभारी आहोत. पेढीचे शेठ त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी गेले एवढं बाबा बोलले. ज्यांनी बाजार उभा केला त्यांना बाजारात जागा उरली नाही. लार्सनसाहेबांना निदान २००२ मध्ये पद्मभूषण मिळालं, तेव्हा ते नव्वदीच्या पुढे होते. त्यांनी वेळीच स्वतःचा कारखाना काढला म्हणून वाचले, आमच्या शेठना ते सुचलं नाही किंवा जमलं नाही.

बाबांच्या दोन ट्रंका माळ्यावर आहेत. कॅटलॉग, इंडेंटच्या कार्बन कॉप्या, ती वही. रद्दीवाला किलोवर मागतोय आणि दिवाळीआधी घराला रंग द्यायचाय. युनिव्हर्सिटीत कोणाला, किंवा तुमच्या त्या लेखकालाच, बघायच्या असतील तर त्याआधी यावं, चहा पाजतो. पत्ता तुमच्या ऑफिसात देऊन ठेवतोय.

आपला,
दांडिया बाजारातला एक जुना वाचक, बडोदा