चष्मा आणि कानाचे यंत्र उशाशी असू द्या

बांबोळी
12 ऑगस्ट 2025

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी तुमच्या खुब्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात की, "दुखणे मी सोसेन, पण माझ्या आईसारखा होऊन घरी येणार नाही," आणि काठी टेकत अंगणात निघून गेलात. त्याचे उत्तर मला तेव्हाच द्यायचे होते, परंतु ते दोन वाक्यांत मावणारे नव्हते. फोनवर तुम्हाला अर्धे ऐकू येते आणि उरलेले आई मध्येच आपल्या शब्दांत सांगते. शिवाय तुम्ही आयुष्यभर मुलांना लिहिलेले दोनदा वाचायला लावलेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे. कृपया दोनदा वाचा.

आधी आजीविषयी लिहिते, कारण तुमच्या नकाराचे मूळ तिथे आहे. 2006 च्या पावसाळ्यात न्हाणीच्या उंबऱ्याशी तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन नीट झाले, संध्याकाळी तिने मला ओळखले, पेज मागितली. दुसऱ्या रात्री मी तिच्या खाटेशी होते. सलाइनच्या नळीवरून मुंगळे चालले आहेत असे तिला दिसत होते आणि ती एकेक मुंगळा दोन बोटांत धरून खाली टाकत होती. इतक्या सावकाश आणि इतक्या नेमकेपणाने की, मीही एकदा नळीकडे निरखून पाहिले. मग ती गाय सोडली का म्हणून विचारू लागली, जी गाय आपण कित्येक वर्षांपूर्वी विकली होती. ती नळी उपटू लागली तेव्हा तिचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधले गेले आणि झोपेचे इंजेक्शन दिले गेले. शेजारच्या खाटेवरचे लोक म्हणाले, वात झाला. डॉक्टर म्हणाले, वयामुळे होते. आणि आपल्या घरात कायमचे ठरून गेले की, भूल तिच्या डोक्यात राहिली. आठवड्याभराने तिचे बोलणे ताळ्यावर आले खरे, पण नातवंडांची नावे ती त्यानंतर चुकवत राहिली आणि देवळापर्यंतही पुन्हा एकटी गेली नाही.

बाबा, भूल डोक्यात राहत नाही. हल्लीची भुलीची औषधे काही तासांत शरीरातून बहुतांशी निघून जातात. दुसऱ्या रात्री आजीला जे झाले त्याला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. ते वेड नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. ते अचानक सुरू होते, दिवसभरात कमी-जास्त होते, आणि त्याची मुख्य खूण म्हणजे माणसाचे लक्ष एका ठिकाणी ठरत नाही. म्हाताऱ्या मेंदूला एरवी पेलते ते सारे एकाच वेळी अंगावर येते: ऑपरेशनमुळे शरीरभर उठलेला दाह, न शमलेली वेदना, मोडलेली झोप, तुंबलेली लघवी, कमी झालेले पाणी, परकी खोली. एकेक काडी हलकीच असते, मोळी मात्र उचलवत नाही. आजीच्या मोळीत आम्ही आणखी दोन काड्या घातल्या होत्या. तिचा चष्मा हरवू नये म्हणून आईच्या पिशवीत होता, आणि शांत झोप लागावी म्हणून दिलेले इंजेक्शन बहुधा त्याच जातीचे होते, ज्याने डिलिरियम वाढतो. आई, हे वाचून स्वतःला दोष देऊ नकोस. चष्मा जवळ ठेवा असे आपल्याला कोणीच सांगितले नव्हते.

मी ही शाखा घेतली तेव्हा तुम्ही विचारले होते की, भूल देणारा डॉक्टर सुई टोचून मोकळा होतो, त्यात संशोधन ते कसले. तो मोकळा होत नाही, बाबा. ऑपरेशन चालू असेपर्यंत तो उशाशी उभा असतो आणि रुग्णाचा श्वास, रक्तदाब, प्राणवायू पळापळाला सांभाळतो. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली आणि श्वासाचे स्नायू लुळे पडून मुले दगावू लागली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने 27 ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. ती जगली. त्यानंतर वैद्यकीचे विद्यार्थी पाळ्या लावून कित्येक आठवडे रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. आजचा अतिदक्षता विभाग त्या खोल्यांतून निघाला, म्हणूनच तिथे भूलतज्ज्ञ असतो. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस वाचवणे आता बरेचसे साधले आहे; तो पूर्वी होता तसा घरी जावा, हा माझ्या पिढीपुढचा प्रश्न आहे.

माझे काम दिसायला अगदी साधे आहे. ऑपरेशन झालेल्या वृद्धांच्या खाटेशी मी सकाळी आणि रात्री जाते, त्यांचा हात हातात घेते आणि दहा अक्षरे सावकाश म्हणते. ठरवलेले अक्षर ऐकू आले की त्यांनी माझा हात दाबायचा. परवा माडावर चढून नारळ पाडणाऱ्या एका पाडेल्याचा हात माझ्या हातात होता, माडाच्या सालीसारखा खरखरीत. आदल्या रात्री त्यांनी एकही अक्षर चुकवले नव्हते. त्या सकाळी चौथ्या अक्षरानंतर हात सैल पडला आणि ते खिडकीबाहेर पाहत राहिले. घरचे म्हणत होते, आज आजोबा शांत आहेत, काही त्रास नाही. खरे तर हा शांत डिलिरियमच अधिक वेळा नजरेतून सुटतो, कारण आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. तपासले तेव्हा लघवी तुंबलेली निघाली. ती मोकळी केली, आणि संध्याकाळी दहाही अक्षरे बरोबर आली. त्या संध्याकाळी मला आजी फार आठवली.

आता तुमचा आग्रह. ऑपरेशन करायचेच तर फक्त कमरेतले इंजेक्शन, पूर्ण भूल नको, असे तुम्ही आईजवळ म्हणालात. मलाही विद्यार्थिदशेत हेच वाटत असे. परंतु 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीत खुबा मोडलेल्या 1600 रुग्णांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गटांत विभागले होते. कमरेतून भूल दिलेल्यांत डिलिरियमचे प्रमाण 20.5 टक्के आणि पूर्ण भुलीत 19.7 टक्के आढळले, म्हणजे फरक असा नाहीच. कमरेतल्या इंजेक्शनचे इतर फायदे असू शकतात आणि तुमचे हृदय, फुप्फुसे, पाठीचा कणा पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील तेच योग्य. पण पूर्ण भूल घेतली म्हणून आजीसारखे होईल, ही भीती सोडून द्या. ते रुग्ण हाड मोडून घाईने आलेले होते. तुमचे ऑपरेशन ठरवून, तयारीने होणार आहे, त्यात हा धोका कमी असतो.

भूल किती खोल असावी, यावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही. कपाळावर पट्टी चिकटवून मेंदूच्या लहरींवरून 0 ते 100 असा आकडा दाखवणारे यंत्र असते. त्याच्या आधाराने भूल हलकी ठेवली तर डिलिरियम टळेल अशी आशा होती. 2019 च्या एका अमेरिकी चाचणीत 1232 वृद्धांवर हे करून पाहिले, तर काही फायदा दिसला नाही. उलट 2021 च्या दुसऱ्या अभ्यासात हलकी भूल दिलेल्यांत प्रमाण 19 टक्के आणि खोल भुलीत 28 टक्के आले. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. अशा जागी पुढचा अभ्यास करावाच लागतो, आणि मी रविवारीसुद्धा वॉर्डात का असते याचे उत्तर हेच आहे.

झोपेच्या औषधांविषयी चित्र अधिक स्पष्ट आहे. प्रतीक पंढरीपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवले की, अतिदक्षता विभागातल्या कृत्रिम श्वासावरच्या रुग्णांना लोराझेपाम दिले की दुसऱ्या दिवशी डिलिरियम होण्याची शक्यता वाढते. म्हणून विचारते, आणि रागावून नव्हे: बाबा, तुम्ही फार्मसीतून आणलेली ती झोपेची अर्धी गोळी अजून घेता ना? ती त्याच कुळातली आहे. आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही डिलिरियम होऊ शकतो; पण पाकीट घेऊन या आणि तपासणीच्या दिवशी डॉक्टरांसमोर ठेवा. संध्याकाळी कधी थोडी फेणी होत असेल तर तेही सांगा. भूलतज्ज्ञ त्यावरून तुमचे मोजमाप करत नाही, औषधाचे करतो.

आई, आता तुझे काम, आणि ते आम्हा डॉक्टरांच्या कामापेक्षा कमी नाही. शॅरन इनूये या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या 852 वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, पण उपाय आज आम्हीही तेच वापरतो. चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ द्यायचे, पाणी वेळेवर पाजायचे, लवकर उठवून चालवायचे, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत ते बोलत राहायचे, आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध द्यायचे, पाठीवरून हात फिरवायचा. एवढ्याने डिलिरियम 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आला. हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते, कारण यातले एकही काम असे नव्हते जे तुला येत नाही.

म्हणून बाबांचा चष्मा पिशवीत नको, उशाशी हवा. ऑपरेशनला नेताना काढून घेतला तरी परत आल्याबरोबर डोळ्यांवर घाल. कानाच्या यंत्राच्या दोन जादा बॅटऱ्या आण, आणि दिवाणखान्यातले ते मोठ्या आकड्यांचे घड्याळसुद्धा आण. सकाळी पेपर त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घे. भेटायला येणाऱ्यांची गर्दी नको, पण रात्री ओळखीचे एक माणूस खाटेशी हवेच. पहिल्या तीन रात्री मी असेन. बोलणे तुटक झाले किंवा ते नेहमीपेक्षा गप्प वाटले तर नर्सला लगेच सांग. बावीस वर्षे शेजारी झोपलेल्या नवऱ्याला बायकोसारखे कोणी ओळखत नाही असे तू काकूला म्हणायचीस, इथे तर त्रेचाळीस वर्षे झाली आहेत. आणि बाबा, वेदना दाबून धरू नका. सोसलेली वेदनाही त्या मोळीतली काडीच आहे.

उपासाविषयी एक गोष्ट, कारण तिथे तुमचा हमखास घोटाळा होईल. पेज कितीही पातळ केली तरी ती अन्न आहे, पाणी नव्हे. ती भुलीच्या सहा तास आधी बंद. साधे पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. रात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही ही जुनी समजूत आहे, आणि त्याने म्हातारा माणूस विनाकारण कोरडा पडतो. तरी नक्की वेळ तुमचे डॉक्टर सांगतील तीच पाळा.

मी चवथीच्या आदल्या दिवशी वाळपईच्या शेवटच्या बसने येते. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला बाबांनी स्टुलावर चढू नये, मी आल्यावर बांधीन. सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका डब्यात काढून ठेवा, म्हणजे बसून यादी लिहिता येईल, आणि बाबांना आणखी जे विचारायचे असेल ते या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवावे.

तुमची
बाय