मेकॅनोचा बझर मुका का?

महोदय,
तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांत जुन्या मेकॅनोचा, म्हणजे भोकांच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडायच्या खेळण्याचा, बझर मांडलेला असतो, वाजतो क्वचितच. फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली पेटंट घेतलेल्या या खेळण्याच्या पट्ट्या धातूच्या, म्हणजे सांगाडाच वीज वाहतो. त्यामुळे थरथरणाऱ्या पट्टीला टेकणाऱ्या, संपर्काच्या स्क्रूला सायकलच्या ट्यूबचे वायसर लावावेत. भोकातही वायरचे रिकामे कव्हर हवेच, नाहीतर शॉर्ट ठरलेला. विद्युतचुंबकासाठी मऊ लोखंडी बोल्टवर मोटार रिवाइंडिंगची बारीक तार, दीडशे वेढे, एकाच दिशेने. तारेच्या टोकांचे इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, पॉलिश पेपरने खरवडा. निम्मे बझर इथेच मरतात. थरथरणारी पट्टी बोल्टला चिकटून राहिली तर बोल्टच्या डोक्यावर कागद डकवा. दीड व्होल्टचे दोन सेल पुरेत, घरातला प्लग मुळीच नको. परीक्षकांनीही चार्टची सजावट सोडून आधी बटण दाबून पाहावे.

— एक विज्ञान शिक्षक, ता. आर्णी, जि. यवतमाळ