विषय: तीन नोडचा मेश वायफाय संच, खोक्यावरचे आकडे आणि ॲपमधला हिरवा ठिपका

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा तीन नोडचा ड्युअल बँड मेश वायफाय संच, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालणारे आणि एकाकडून दुसऱ्याकडे नेट पोहोचवणारे तीन डबे (नोड), मी यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन मागवला. बिल, वॉरंटी कार्ड आणि तिन्ही नोडच्या अनुक्रमांकांचे फोटो सोबत जोडले आहेत. माझी आधीची तक्रार तुमच्या ॲपने ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केली. निराकरण काहीच झालेले नाही, म्हणून आता लेखी कळवतो.

आधी घर सांगतो, कारण तुमच्या ग्राहक सेवेतल्या एकानेही ते विचारले नाही. अमळनेरच्या जुन्या वस्तीतले आमचे घर रुंदीला बेताचे आणि लांबीला भरपूर. पुढे ओटा आणि धाकट्या भावाचे कृषी केंद्र, मग ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, आणि पाठीमागे परसदाराच्या बाजूला नवी आरसीसी माडी. पुढचा सगळा भाग धाब्याचा, मातीच्या जाडजूड भिंतींचा. बाहेर पारा ४४ वर गेला तरी माजघरात पाठ टेकवता येते ती या भिंतींमुळे, आणि ५ गिगाहर्ट्झची लहर तिथेच दम तोडते तीही या भिंतींमुळेच. फायबर रस्त्याकडून येते, त्यामुळे मोडेम दुकानात. सूनबाई पुण्याच्या कंपनीचे काम घरून करते, ती बसते माडीवर. अडचण एवढीच आहे आणि ती सोडवण्यासाठीच तुमचा संच घेतला.

तुमच्या तंत्रज्ञाने पहिला नोड दुकानात, दुसरा ओसरीत आणि तिसरा माडीवरच्या लोखंडी कपाटावर ठेवला. “उंचावर असला की रेंज चांगली” म्हणाला. ॲप उघडून दाखवले, तिन्ही नोडपुढे हिरवा ठिपका आणि फोनवर सगळ्या काड्या. सही घेतली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सूनबाईची मीटिंग सुरू झाली आणि पलीकडच्याला तिचे निम्मेच शब्द ऐकू जाऊ लागले. आमच्या आईला नेटमधले काही कळत नाही, पण तिनेही निकाल देऊन टाकला, “तीन तीन डबा लायात, तरी बी आवाज फाटस.”

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो आहे. लाईन कुठे गळते ते शोधण्यातच नोकरी गेली, म्हणून ॲपच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबलो नाही. फोनच्या काड्या सांगतात त्या फोन आणि जवळचा नोड यांच्यातली रेंज. ती डीबीएममध्ये मोजतात, आणि उणे आकडा जितका शून्याजवळ तितकी रेंज चांगली. माडीवर ती उणे ४२ डीबीएम, म्हणजे उत्तमच. पण तो नोड स्वतः मागून काय घेतो आहे? तिसरा नोड बंद करून त्याच्याच जागी फोन धरला आणि दुसऱ्या नोडची रेंज मोजली, तर उणे ८१. नोड ते नोड जोडणी उणे ६५ च्या आसपास असली म्हणजे काम नीट चालते. हा १६ डीबीचा फरक म्हणजे सुमारे ४० पट कमी शक्ती. विहिरीला पाणी नाही आणि नळाला पितळी तोटी, असा हा प्रकार. आणि ही आतली जोडणी किती डीबीएमवर आहे, हे तुमचे ॲप कुठेच दाखवत नाही! जो आकडा ग्राहकाला सगळ्यात जास्त उपयोगी, नेमका तोच झाकलेला.

तिसरा नोड जिथे नेट पोहोचत नाही तिथे ठेवून भागत नाही, रेंज अजून धड आहे अशा ठिकाणी, म्हणजे मधल्या वाटेवर ठेवावा लागतो. हे मी तुमच्या माणसाला सांगायचे की त्याने मला? मी तो खाली स्वयंपाकघराच्या दाराशी, कपाट-फ्रीजपासून लांब ठेवून पाहिला. नोडची आपसातली जोडणी सुधारली, पण वर स्लॅबमधून जे पोहोचले त्यात मीटिंग काही निभली नाही.

यावर तुमच्या फोनवरच्या ताईंचा सल्ला होता की चौथा नोड घ्या. हा सल्ला मला सगळ्यात जास्त लागला. तुमचा संच ड्युअल बँड आहे. ५ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ मागच्या नोडकडून घेतो आणि त्यावरच पुढे देतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. आमच्यासारख्या लांबट घरात नोड एकामागे एक साखळीतच लागणार. म्हणजे चौथा डबा घेऊन मी आणखी एक टप्पा विकत घ्यायचा.

शेवटी गावातल्या केबलवाल्याला बोलावून दुकानापासून माडीपर्यंत कॅट ६ वायर ओढून घेतली आणि तिसरा नोड वायरवर टाकला. आधी माडीवर १८ एमबीपीएसच्या वर काटा जात नव्हता, तो थेट ९४ वर गेला. मीटिंग सुरळीत. पण मग तो ९४ वरच का अडला? आमचा प्लॅन २०० चा आहे आणि मोडेमला लॅपटॉप वायरने जोडला की २०० मिळतात. तुमच्या संकेतस्थळावर माहितीपत्रकाच्या तळाशी, भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरात उत्तर सापडले: नोडचे लॅन पोर्ट, म्हणजे वायर खोचायची भोके, १०० एमबीपीएसचे आहेत. खोक्यावर मात्र ठळक ‘एसी १२००’. हे १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, कागदावरच बेरीज करून वर गोळाबेरीज केलेले. एक फोन एका वेळी दोन्ही बँडवर नसतो, मग ही बेरीज कुणासाठी? ज्या भोकातून नेट आत येते तेच १००चे, तर घरात १२०० कुठून येणार?

‘५५०० चौरस फुटांपर्यंत संपूर्ण घर कव्हरेज’ हा दावाही तसाच. आमचे घर त्याच्या निम्मेही नाही. कोणत्या भिंती धरून हा आकडा काढला ते खोक्यावर लिहायला हवे होते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडे धाब्याची घरे अजून भरपूर आहेत, आणि तुमचे विक्रेते इथल्या दुकानांतून हाच संच त्याच आकड्यावर विकत आहेत.

जाता जाता एक बारीक गोष्ट. भाऊ फोनवर बोलत दुकानातून स्वयंपाकघरात आला की फोन दुकानातल्याच नोडला चिकटून राहायचा. ॲपमध्ये ‘फास्ट रोमिंग’ नावाची, फोनला चटकन जवळच्या नोडवर नेणारी सोय आहे, ती मुळात बंद होती. ती चालू केल्यावर फरक पडला. तंत्रज्ञाला ती सोय ॲपमध्ये आहे हेच माहीत नव्हते.

माझी मागणी अशी. हा संच परत घेऊन गिगाबिट पोर्ट असलेला आणि नोडच्या आपसातल्या जोडणीसाठी वेगळा बँड राखून ठेवणारा ट्राय बँड संच द्यावा, किंमतीतला रास्त फरक मी भरेन. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी आणि वायरिंगचा खर्चही द्यावा, कारण तंत्रज्ञाने घर पाहून पहिल्याच दिवशी वायर सुचवायला हवी होती. त्याशिवाय, पोर्टचा वेग खोक्यावर स्वच्छ छापावा आणि नोड ते नोड रेंजचा आकडा ॲपमध्ये दाखवावा. त्याला नवे यंत्र लागत नाही, एका अपडेटचे काम आहे.

एक महिन्यात लेखी उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणायचे तेही त्याच कायद्यात लिहिले आहे. खोक्याचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले आहेत.

सूनबाईचे काम सध्या याच संचावर, वायरीच्या जोरावर चालू आहे. तेव्हा बदली संच आधी पाठवा, तो बसवून झाला की जुना त्याच माणसाच्या हाती देऊ. आणि येणाऱ्याला वायर जोडायचे क्रिम्पिंगचे पक्कड सोबत आणायला सांगा, मागच्या वेळी ते आमच्याकडून मागून घ्यावे लागले होते.

आपला,
एक ग्राहक
अमळनेर, जि. जळगाव

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, खोक्याचे व अनुक्रमांकांचे फोटो, वेगचाचणीचे स्क्रीनशॉट